बायको गावाला गेली असताना व्हिक्टोरियन नवरा घरी कसा राहत असे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथे नेमक्या कोणत्या नवऱ्याविषयी लिहिले आहे?

राणी व्हिक्टोरियाची कारकीर्द १८३७ पासून १९०१ पर्यंत चालली, आणि एवढ्या काळातील सगळ्या इंग्रज नवऱ्यांना एकाच मापाचा अंगरखा शिवणे शक्य नाही. या पानावरील उत्तरे मुख्यतः लंडन आणि त्याच्या आसपासच्या मध्यमवर्गीय घराविषयी आहेत. म्हणजे नवरा कचेरीत, पेढीवर किंवा लिहिण्याच्या टेबलाशी, आणि घरात निदान एक मोलकरीण. इझाबेला बीटन यांचा गृहव्यवस्थेवरील ग्रंथ १८६१ साली पुस्तकरूपाने आला. त्यात उत्पन्नाप्रमाणे नोकर किती ठेवावेत याचा हिशेब दिला आहे: वर्षाला १५० ते २०० पौंड मिळवणाऱ्या घराला सगळ्या कामांना मिळून एकच मोलकरीण, ५०० पौंडांच्या घरात स्वयंपाकीण, वरकामाची बाई आणि मुलांची दाई अशा तिघी, आणि १००० पौंडांच्या घरात पाच नोकर, त्यांत एक पुरुष. बायको गेल्यावर नवऱ्याची अवस्था काय होई हे त्याच्या स्वभावावर जेवढे अवलंबून असे, त्याहून अधिक तो या हिशेबाच्या कोणत्या ओळीत बसतो यावर अवलंबून असे.

बायको घर सोडून जात तरी कशासाठी असे?

कारणे बहुतेक आपल्याला ओळखीची वाटतील अशीच आहेत. बहिणीचे किंवा मुलीचे बाळंतपण, आईवडिलांचे आजारपण, डांग्या खोकल्यातून उठलेल्या मुलांना समुद्राची हवा, आणि स्वतःची प्रकृती. शेवटच्या कारणासाठी मॉल्वर्नसारख्या ठिकाणचे जलोपचार १८४० च्या दशकापासून फार चालले होते. ओल्या चादरीत गुंडाळून घेणे, थंड पाण्याखाली उभे राहणे आणि डोंगरावर चालणे असा तो कार्यक्रम असे. रेल्वे आल्यानंतर हे सगळे सोपे झाले. लंडनहून ब्रायटनला जाणारा लोहमार्ग १८४१ साली पूर्ण झाला, आणि जे गाव पूर्वी घोडागाडीच्या प्रवासाने दूर वाटत होते ते सकाळी निघून दुपारी जेवायला पोहोचण्याजोगे झाले.

रागावून निघून जाणे हेही एक कारण होतेच. ते कोणी शेजाऱ्यांना सांगत नसे, तेव्हा ‘हवापालटासाठी गेली आहे’ या वाक्याखाली बरेच काही झाकले जाई.

जाण्यापूर्वी ती कोणती व्यवस्था लावून जात असे?

या प्रश्नाच्या उत्तरात बाकीची निम्मी उत्तरे आलीच. बीटन यांनी घरधनिणीची तुलना सेनापतीशी केली आहे, आणि ती अतिशयोक्ती वाटू नये. रोजचे जेवण ठरवणे, खाटीक, पाववाला आणि भाजीवाला दाराशी आले की त्यांना सामान सांगणे, प्रत्येकाची छोटी वही आठवड्याला तपासून पैसे चुकते करणे (वाण्याची वही ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळे सांगायला नको), धुण्याचे कपडे मोजून देणे व मोजून घेणे, आणि कोठीतून साखर, मेणबत्त्या, साबण हे सगळे आपल्या हाताने काढून देणे ही तिची कामे होती. मोलकरीण काम करी. पण काय करायचे आणि कशाने करायचे हे बायकोच्या तोंडून आणि बायकोच्या किल्लीतून बाहेर येत असे.

म्हणून जाण्याच्या आदल्या दिवशी खरा प्रश्न किल्ल्यांचा असे. दारूच्या तळघराची किल्ली बहुधा नवऱ्याकडेच असे, त्यामुळे तेथे काही बिघडत नसे. कोठीच्या कपाटाची आणि चहाच्या पेटीची किल्ली मात्र कमरेच्या जुडग्यात असे. चहा फार महाग होता त्या काळात या लाकडी पेटीला कुलूप लागले, आणि पुढे चहा स्वस्त झाला तरी अनेक घरांतून कुलूप गेले नाही. किल्ली मोलकरणीला द्यावी तर परत आल्यावर अर्धा डबा रिकामा दिसण्याची धास्ती. नवऱ्याला द्यावी तर तो ती कोणत्या अंगरख्याच्या खिशात ठेवील याचा नेम नाही. मग असे होई की सकाळी सात वाजता गृहस्थ अजून रात्रीच्या टोपीत आहेत, आणि दाराबाहेर हातात रिकामी किटली घेऊन उभी असलेली मुलगी चहाची किल्ली मागते आहे. स्वतःच्या घरात चहा कोठे असतो हे त्या माणसाला त्या दिवशी पहिल्यांदा कळे.

आठवडाभराच्या जेवणाची यादी लिहून ठेवून जाणाऱ्या बायकाही असत. अशा याद्यांची त्या काळात केवढी गरज होती, हे चार्ल्स डिकन्स यांच्या पत्नी कॅथरीन यांनी १८५१ साली टोपणनावाने केवळ जेवणाच्या यादीचे एक पुस्तक काढले, यावरून समजते.

नवऱ्याला स्वयंपाक येत नसे. मग तो उपाशी राहत असे का?

उपाशी राहण्याचा प्रसंग सहसा येत नसे. मात्र तेच ते खाण्याचा प्रसंग हमखास येई. घरधनीण नसली की स्वयंपाकीण सोपा मार्ग धरी. रविवारी मटणाचा मोठा तुकडा भाजायचा, सोमवारी तो थंडच कापून वाढायचा, मंगळवारी उरलेल्याचा खिमा करायचा, आणि हाडांचे सूप होईपर्यंत तीच मेंढी पुरवायची. सोमवार हा धुण्याचा वार असल्यामुळे त्या दिवशी चूल मोकळी नसे, म्हणून थंड मटण बायको घरी असतानाही पानात येई. फरक एवढाच की बायको असताना त्याच्या जोडीला काहीतरी ताजे असे. ज्या घरात एकच मोलकरीण होती तेथे चॉप, उकडलेला बटाटा आणि चीज यांच्यापुढे फारशी मजल जात नसे, आणि ते स्वाभाविकही होते, कारण तीच मुलगी पहाटे शेकोट्या साफ करून, पायऱ्या घासून, गरम पाण्याचे जग वरच्या मजल्यावर वाहून मग चुलीपाशी येत असे.

ज्याला परवडे तो बाहेर जेवे. लंडनमध्ये चॉप भाजून देणारी जुनी भोजनगृहे होती, ऑयस्टरची दुकाने होती आणि ज्याला सभासदत्व मिळाले असेल त्याला क्लब होता. पॉल मॉल रस्त्यावरच्या रिफॉर्म क्लबचे स्वयंपाकघर १८५० पर्यंत आलेक्सी स्वाये या फ्रेंच आचाऱ्याच्या हाती होते. तेथे गॅसवर स्वयंपाक होई आणि ते स्वयंपाकघर पाहायला लोक येत. बीटन यांनी प्रस्तावनेत मोठ्या स्पष्टपणे लिहिले आहे की पुरुषांची सोय क्लबांत, खानावळींत आणि भोजनगृहांत आता इतकी चांगली होते, की त्यांच्याशी स्पर्धा करायची तर घरधनिणीला पाकशास्त्र नीट आलेच पाहिजे. म्हणजे बायको घरी असतानाही क्लब हा तिचा प्रतिस्पर्धी होता, आणि ती गेल्यावर त्याला मैदान मोकळे मिळे. मे महिन्यात बायको मुलांना घेऊन माहेरी गेली की गिरगावातला नोकरदार खानावळीचा रस्ता धरी, तसाच हा प्रकार. लंडनच्या क्लबात गालिचा जाड होता एवढाच काय तो फरक.

एरवीचा दिवस कसा जाई?

बाहेरून पाहिले तर फारसा बदललेला दिसत नसे. शेकोटी पेटलेली असे, बूट चकचकीत करून दाराशी ठेवलेले असत, वर्तमानपत्र आलेले असे. बिघाड बारीक ठिकाणी होई. सदऱ्याचे बटण तुटले तर ते लावणारे कोणी नसे. दिव्याची वात कापली गेली नाही तर काच काळी पडे. कोळसा किती उरला आहे हे कोणी पाहिलेले नसे आणि थंडीच्या ऐन दिवशी तळघरातला साठा संपे. आमंत्रणांना उत्तरे देण्याचे कामही बायकोकडे असल्यामुळे, नवरा एक तर कोठेच जात नसे किंवा एकाच संध्याकाळी दोन ठिकाणी जेवायला जाण्याचे कबूल करून बसे.

संध्याकाळ सर्वांत जड जाई. शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन आणि त्यांची पत्नी एमा हे रात्री बॅकगॅमनचे (सोंगट्या आणि फाशांच्या खेळाचे) दोन डाव खेळत आणि त्यांचा हिशेब ठेवत. १८७६ साली डार्विन यांनी अमेरिकेतील मित्राला मोठ्या आनंदाने कळवले की आपण २७९५ डाव जिंकलो आहोत आणि बिचारी एमा अवघे २४९० डाव जिंकली आहे. ज्या घरात दोघांचे खेळणे पाच हजार डावांपलीकडे गेले, तेथे एकट्याची रात्र कशी जात असेल हे वेगळे सांगायला नको.

घरात नवरा आणि एकटी तरुण मोलकरीण राहणे लोकांना चाले का?

फारसे चालत नसे, आणि ही काळजी पोकळ नव्हती. १८९१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये घरकाम करणाऱ्या स्त्रियांची संख्या १३ लाखांच्या वर होती. त्यांपैकी पुष्कळ जणी विशीच्या आतबाहेरच्या, गाव सोडून आलेल्या, आणि मालकाच्या शिफारसपत्राशिवाय दुसरी नोकरी न मिळणाऱ्या होत्या. मालकाने हात टाकला तर तक्रार कोठे करायची हा प्रश्न होता. आणि दिवस गेले तर नोकरी तिची जाई, त्याची नव्हे. बायको गेल्यावरच्या नवऱ्याच्या फजितीवर त्या काळच्या विनोदी साप्ताहिकांनी भरपूर हसून घेतले आहे, पण या बाजूवर कोणी हसण्यासारखे काही नव्हते म्हणून ती बाजू त्यांत आली नाही.

यावर प्रतिष्ठित उपाय म्हणजे एखादी वडीलधारी बाई घरात आणून ठेवणे: नवऱ्याची अविवाहित बहीण, आई, किंवा मेहुणी. मेहुणी या शब्दाबरोबर आपल्याकडे जे हसू येते ते तेथेही येत असे, परंतु कायदा मात्र गंभीर होता. बायकोच्या मृत्यूनंतरही तिच्या बहिणीशी लग्न करण्यास १८३५ च्या कायद्याने पक्की बंदी घातली होती आणि ती १९०७ पर्यंत उठली नाही. काहींच्या मते या बंदीमुळेच मेहुणीला भावोजींच्या घरी निःसंकोचपणे राहता येत असे.

मुले घरी ठेवून बायको गेली तर त्यांच्याकडे कोण पाही?

दाई. नवऱ्याची भेट ठरलेल्या वेळी, मुलांना धुऊन-पुसून त्याच्यासमोर आणल्यावर होई. म्हणूनच फेब्रुवारी १८४५ मध्ये डार्विन यांनी एमाला लिहिलेले पत्र वाचताना वेगळाच आनंद होतो. एमा स्टॅफर्डशरमधील माहेरी, मेअरला गेली होती. केंट परगण्यातील डाउन गावच्या घरात डार्विन तीन मुलांसह होते: पाच वर्षांचा विल्यम, चौथे पुरे व्हायला आलेली ॲनी आणि दीड वर्षाची हेन्रिएटा. नोकरचाकर आणि दाई होतीच, तरीही मुले घरात अडकली आणि दिवाणखान्याची रणभूमी झाली. पत्रात त्यांनी दिवसाचा अहवालच दिला आहे: सकाळी प्रकृती बरी नव्हती, काम झाले नाही, मुलांनी पार नामोहरम केले, दुपारनंतर बरे वाटले आणि धाकटीशी भरपूर दंगा केला. मुले एवढ्या तेवढ्या सामानावर उड्या मारत होती आणि तरुण बैलांसारखी प्रत्येक खुर्चीला व कोचाला टक्कर देत होती. तेव्हा उद्या जेवणघरातली शेकोटी पेटवायला सांगून मुलांना तिकडे पाठवतो, असे सांगून ते म्हणतात की महिनाभर असेच चालले तर दिवाणखान्यातले काही म्हणता काही शिल्लक राहणार नाही.

या पत्रात एक गोष्ट लक्षात येते. मुलांना शिस्त लावण्याचा विचार येथे नाही. त्यांच्यासाठी दुसरी खोली गरम करण्याचा आहे. अर्थात ती खोली पहाटे उठून गरम करणार होते दुसरेच कोणी, हेही पत्रातून दिसते.

दोघांमध्ये निरोपांची देवाणघेवाण कशी होई?

पत्राने, आणि आज वाटते त्याहून फार वेगाने. १० जानेवारी १८४० पासून एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागले आणि लंडनमध्ये टपाल दिवसातून अनेक वेळा वाटले जाई. त्यामुळे ‘माझा लोकरी गळपट्टा कोठे आहे?’ या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या दिवशी हातात पडे. १८७० साली अर्ध्या पेनीचे पोस्टकार्ड आले. त्यावरचा मजकूर मोलकरीण आणि पोस्टमन दोघेही वाचू शकत, म्हणून किल्ल्यांविषयी लिहायला ते ठीक आणि प्रेमाविषयी लिहायला निरुपयोगी. तारेचा दर १८८५ पासून बारा शब्दांना सहा पेन्स झाला, तरी घरात तार आली की आधी मृत्यूची शंका येई.

पत्र न येण्याने काय होई, याचे उदाहरण लेखक टॉमस कार्लाइल आणि त्यांची पत्नी जेन वेल्श कार्लाइल यांच्या संसारात आहे. १८४६ च्या जुलैत जेन काहीशी दुखावलेल्या मनाने लंडनच्या चेल्सी भागातील घर सोडून लिव्हरपूलजवळ सीफर्थ येथे मैत्रिणीकडे गेली. नवऱ्याचे एका मोठ्या घरच्या बाईकडे वारंवार जाणे तिला सहन होत नव्हते. १४ जुलै हा तिचा वाढदिवस. तिची आई वारल्यापासून दर वाढदिवसाला कार्लाइल काहीतरी भेट पाठवत. ती स्वतः टपालकचेरीत गेली, तेव्हा तेथील बाईने तुमच्या नावाचे काही नाही असे सांगितले. जेन खोलीत परतली आणि आपला संसार संपला असेच तिला वाटले. दोनएक तासांनी निरोप आला की पत्र होते, नजरचुकीने राहून गेले. पत्राबरोबर छोटीशी भेटही होती. त्या दिवशी तिने नवऱ्याला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. ते वाचताना वाटते की तिकडे घरी बसलेल्या कार्लाइल यांना आपल्या हातून काही चुकलेले नसताना केवढे संकट टळले याची कल्पना ते पत्र मिळेपर्यंत आली नसेल.

बायको नसताना नवरा घरात धूम्रपान, मित्रमंडळ वगैरे करून घेत असे का?

होय, आणि एकटेपणातले हेच सुख बहुतेकांना खरे वाटत असावे. सभ्य घरात स्त्रियांसमोर आणि दिवाणखान्यात तंबाखू ओढणे अयोग्य समजले जाई, कारण वास पडद्यांत आठवडाभर राही. म्हणून धूम्रपानासाठी वेगळी टोपी आणि वेगळे मखमली जाकीट वापरत. केसांना आणि कपड्यांना वास लागू नये हा त्याचा हेतू. कार्लाइल तर बायको घरी असतानाही रात्री तळघरातल्या स्वयंपाकघरात चुलीपाशी बसून धूर धुराड्यात सोडत. कवी टेनिसन आले की दोघेही तेथेच बसत. ही गोष्ट मोठ्या प्रेमाने सांगितली जाते. त्या घरातली मोलकरीण त्याच स्वयंपाकघरात झोपत असे, आणि ही मोठी माणसे पाइप विझवून वर जाईपर्यंत तिला अंथरूण पसरता येत नसे, हे मात्र सांगायचे राहून जाते.

‘नवऱ्यांची बोट’ हा काय प्रकार होता?

उन्हाळ्यात बायकामुले मार्गेटला समुद्रकिनारी महिनाभर खोल्या घेऊन राहत आणि नवरे लंडनमध्ये नोकरी करत. शनिवारी दुपारी टेम्स नदीतून मार्गेटकडे जाणारी वाफेची बोट अशा नवऱ्यांनी भरलेली असे. तिला लोक ‘नवऱ्यांची बोट’ असेच म्हणत. धक्क्यावर बायका आणि मुले वाट पाहत उभी असत आणि बोटीतून कोणाचा नवरा उतरला, कोणाचा नाही, हे सगळ्या धक्क्याला दिसे. रविवार किनाऱ्यावर काढून सोमवारी सकाळी ही मंडळी परत कामावर. खोल्यांचे भाडे, बोटीचे भाडे आणि लंडनमधले खाणे असा तिहेरी खर्च होई, आणि तो परवडतो हे दाखवणे हाही या सगळ्याचा एक भाग होता असे माझे मत आहे.

पैशाचे व्यवहार कोणाच्या नावावर होत?

नवऱ्याच्या. १८७० च्या कायद्याने विवाहित स्त्रीची कमाई तिची झाली आणि १८८२ च्या कायद्याने तिला स्वतंत्र मालमत्ता बाळगता येऊ लागली. त्यापूर्वी तिच्या हातातला पैसाही कायद्याने त्याचाच होता. ती समुद्रकिनारी गेली आणि तेथील दुकानदाराकडून गरजेच्या वस्तू उधार घेतल्या, तर बिल लंडनला नवऱ्याकडे येई. भांडून गेलेल्या बायकोच्या उधारीला आपण जबाबदार नाही, अशा जाहिराती नवरे वर्तमानपत्रांत देत.

बायकोने परत यायला नकार दिला तर?

१८५७ च्या घटस्फोट कायद्याप्रमाणे बायकोचा व्यभिचार एवढेच कारण नवऱ्याला घटस्फोटासाठी पुरे. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रौर्य, परित्याग यांसारखे आणखी काही सिद्ध करावे लागे. म्हणजे बायको बाहेरगावी असताना नवऱ्याने काय केले याला कायदा दुय्यम मानी, आणि बायकोने बाहेरगावी काय केले याला प्रथम. सहवासाचा हुकूम, म्हणजे जोडीदाराकडे राहायला जा असा न्यायालयाचा आदेश, न पाळणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद इंग्लंडमध्ये १८८४ साली रद्द झाली. १८९१ मध्ये लँकेशरमधील क्लिदरो येथे एका नवऱ्याने वेगळ्या राहणाऱ्या बायकोला चर्चच्या बाहेरून पळवून घरात डांबले, तेव्हा अपील न्यायालयाने तिला मुक्त केले आणि नवऱ्याला बायकोस कोंडून ठेवण्याचा अधिकार नाही असे ठरवले.

येथे मुंबईची आठवण होणे अटळ आहे. रखमाबाईंवर दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली सहवासासाठी दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला, परंतु १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल दिला. म्हणजे जी शिक्षा इंग्लंडने तीन वर्षांपूर्वी मोडीत काढली होती, तिचीच भीती त्याच राणीच्या मुंबईत घातली जात होती.

गरिबांच्या घरी काय स्थिती होती?

तेथे किल्ल्यांचा प्रश्नच नव्हता, कारण कुलपात ठेवण्यासारखे काही नसे. लंडनच्या पूर्व भागातील बायका सप्टेंबरात मुलांना घेऊन केंटच्या शेतांवर हॉप (बिअरमध्ये घालतात ती फुले) खुडायला काही आठवड्यांसाठी जात. मजुरी मिळे आणि हवाही मिळे. नवरा शहरात राही, तळलेला मासा किंवा ‘पाइ’ (सारण भरून भाजलेला पदार्थ) विकत घेऊन खाई, शेजारीण एखादा वाडगा पाठवी, आणि जमल्यास रविवारी तोही शेतावर जाई. भांडी घासणे, पाणी भरणे हे त्याला स्वतःला करावेच लागे, आणि त्याबद्दल कोणी विनोद लिहिले नाहीत.

हिंदुस्थानातल्या इंग्रज नवऱ्याचे काय?

त्याची सोय लंडनच्या नवऱ्यापेक्षा चांगली होती. महाबळेश्वर १८२० च्या दशकाच्या अखेरीपासून सर जॉन माल्कम यांच्या पुढाकाराने वसले, माथेरान १८५० मध्ये ह्यू मॅलेट यांनी शोधले, आणि उन्हाळा लागला की मडमा व मुले डोंगरावर जाऊ लागली. इंग्रजीत अशा बायकोसाठी जो शब्द रूढ झाला त्याचा शब्दशः अर्थ ‘गवतातली विधवा’ असा होतो, आणि १८८६ साली निघालेल्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दकोशात त्याची नोंद आहे. मुंबईत मागे राहिलेल्या साहेबाकडे बटलर असे, घर झाडणारा हमाल असे, आणि स्वयंपाकी पुष्कळदा गोव्याचा असे. सूप, रस्सा, पुडिंग यांतले काही अडत नसे. त्याचा खरा एकटेपणा वेगळा होता: मुले सातएक वर्षांची झाली की त्यांना शिक्षणासाठी विलायतेला पाठवत, आईही पुष्कळदा त्यांच्याबरोबर जाई, आणि मग बायकोची गैरहजेरी महिन्यांत न मोजता वर्षांत मोजावी लागे. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडल्यावरही पत्राला काही आठवडे लागत.

त्या काळात एखादा मराठी नवरा असा मागे राहिला होता का?

राहिला होता, आणि त्याचे उदाहरण वर सांगितलेल्या कोणत्याही चौकटीत बसत नाही. गोपाळराव जोशी टपालखात्यात नोकरीला होते. त्यांची पत्नी आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून अमेरिकेला वैद्यकीय शिक्षणासाठी निघाली, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. गोपाळराव मागे बंगालमधील श्रीरामपूर येथे राहिले. इंग्लंडमधला नवरा बायको गेली म्हणून जेवणाची तक्रार करत होता. या गृहस्थांची तऱ्हा अशी की बायको अभ्यास सोडून स्वयंपाकघरात रमली तर ते संतापत, प्रसंगी हातही उगारत. अमेरिकेतून आनंदीबाईंनी त्यांना लिहिलेल्या पत्रांत त्या लहानपणच्या मारहाणीची आठवण स्पष्ट शब्दांत आहे, आणि त्याच पत्रव्यवहारात आपल्या शिक्षणाचे श्रेय त्यांना दिलेलेही आहे. ती दोन्ही वाक्ये एकत्र वाचावी लागतात. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियातील पदवीदान समारंभाला गोपाळराव स्वतः हजर होते आणि पंडिता रमाबाईही होत्या.

नवरा घराबाहेर आणि बायको घरी, असे असेल तर काय होई?

काम होई. १८४३ च्या उन्हाळ्यात कार्लाइल वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये असताना जेनने रंगारी आणि सुतार बोलावून घर उलटेपालटे केले, कारण नवरा घरी असता तर हातोड्याचा एक आवाजही त्याने सहन केला नसता. रंगाच्या वासापासून दूर बसण्यासाठी तिने मागच्या अंगणात धुण्याच्या दोऱ्या आणि खांब यांवर जुने जाजम टाकून तंबू उभारला आणि त्यात खुर्ची-टेबल मांडून शिवण घेऊन बसली. कार्लाइल परतले तेव्हा घर तयार होते.

बायको परत आल्यावर पहिल्यांदा काय पाहिले जाई?

वह्या. खाटकाच्या वहीत मटणाचे किती पौंड चढले, पाववाल्याच्या वहीत रोज एक पाव जास्त का, मेणबत्त्यांचे पुडके इतक्या लवकर कसे संपले, कपांच्या जोडीतला एक कप कोठे गेला. यांतील बहुतेक प्रश्न मोलकरणीला विचारले जात, जरी मेणबत्त्या नवऱ्याने रात्री दोन वाजेपर्यंत मित्रांसोबत जाळलेल्या असत आणि ते दोघांनाही ठाऊक असे. मुलगी शहाणी असेल तर गप्प राही, आणि नवरा भला असेल तर वर्तमानपत्र खाली ठेवून कप आपल्याच हातून फुटला असे सांगे. त्यानंतर चहाच्या पेटीची किल्ली शोधली जाई. ती बहुधा हिवाळी कोटाच्या आतल्या खिशात, आणि कोट धोब्याकडे गेलेला.